स्वस्त मिळणं आणि स्वस्त पडणं

वस्तू कमी पैशांत हाती आली की ती स्वस्त मिळाली. ती वापरून, तिचं लाइटबिल भरून, दुरुस्त करकरून शेवटी भंगारात जाईपर्यंत एकंदर कमी पैसे गेले, तर ती स्वस्त पडली. घरच्या खरेदीत हा फरक आपल्याला बरोबर कळतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र दोन्हींची गल्लत होते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या शाळेत मी व्यवस्थापन समितीवर आहे. मार्चमध्ये आठ पंखे बंद होते. वाइंडिंग करून घेतलं तर एका पंख्याला पाचशे रुपये, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, घेतला तर अठ्ठावीसशे. सगळ्यांचं मत वाइंडिंगकडे. शिवाय दुरुस्ती म्हणजे पर्यावरणाला चांगलीच, असंही एक जण म्हणाले. एरवी ते खरं आहे, पंख्याच्या बाबतीत नाही. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी २८. दिवसाला सहा तास आणि वर्षाचे २०० दिवस धरा, एका पंख्यामागे ५६ युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तर साडेचारशे रुपये. म्हणजे जास्तीचे तेवीसशे पाच वर्षांत वसूल, आणि भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात तेवढा कोळसा कमी जळणार.

अडचण हिशेबाची नाही, पैशाच्या वाटेची आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या वर्षभराच्या खर्चासाठी येणारं संयुक्त अनुदान पटावर मिळतं. तीसच्या वर आणि शंभरपर्यंत पट असलेल्या आमच्या शाळेला वर्षाला २५,०००. आठ बीएलडीसी घेतले तर त्यातच २२,४०० जातात. खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती कशातून करायची? स्वच्छतेसाठी किमान दहा टक्के ठेवावेच लागतात. त्यात आमचं लाइटबिल कधी ग्रामपंचायत भरते, कधी गुरुजी खिशातून भरतात. वाचलेले साडेचारशे रुपये खरेदी करणाऱ्याच्या वहीत कुठेच जमा होत नाहीत. मग त्याने दर पाहिला तर त्याला दोष कसा द्यायचा?

दुसरी गल्लत दरपत्रकांची. ‘सगळ्यात कमी दराचंच घ्यावं लागतं’ हे वाक्य मी दहा वेळा ऐकलंय. नियम इतका आंधळा नाही. आधी आपल्याला काय हवं ते तपशिलात लिहायचं, मग त्यात बसणाऱ्यांमधला कमी दर घ्यायचा. मागणीपत्रात ‘छताचा पंखा, ८ नग’ एवढंच लिहिलं तर कमी दर म्हणजे जास्त वीज खाणारा पंखा येणारच. ‘३० वॅटच्या आत, बीईईचे (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) ५ तारे, दोन वर्षांची हमी’ असं लिहा. तीन दरपत्रकं तेव्हाही येतील, कमी दरही तेव्हाच निवडाल, ऑडिटलाही उत्तर तयार असेल.

उलट, महाग ते सगळं स्वस्त पडतंच असंही नाही. स्टीलची ताटं पंधरा-वीस वर्षं टिकतात, खिचडीसाठी तीच हवीत. पण जिथे टँकर येतो तिथे गावजेवणाला दोनशे ताटं धुण्यापेक्षा पळसाच्या पत्रावळी बऱ्या. मेणचट कागदी प्लेट मात्र दोन्हीकडे नको, तिला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो.

आम्ही यंदा चारच नवे पंखे घेतले. पहिली-दुसरीच्या दोन खोल्यांत लावले, कारण वर पत्रा आहे आणि एप्रिलमध्ये सकाळची शाळा असली तरी दहालाच तिथे बसवत नाही.