कानस या बाजूला, वाक त्या बाजूला

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढताना कारागीर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावरून कानस फिरवतो. कणभर घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. जेवढं घासलं तेवढं कमी झालं, हा तिथला हिशेब. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी रुग्णालय काढल्यापासून हीच मिरज शस्त्रक्रियेसाठीही ओळखली जाते, आणि प्लास्टिक सर्जनच्या ट्रेमध्येही एक छोटी कानस असते. तिला रास्प म्हणतात. कानाच्या कूर्चेवर, म्हणजे त्याला आकार देणाऱ्या लवचीक हाडावर, ती फिरली की मात्र घोडीचा हिशेब लागू पडत नाही. घासून निघतो तो भुगा नगण्य असतो. खरं काम होतं ते कूर्चेत कोंडलेला ताण सुटल्यामुळे.

आपल्या कानाची वरची कड दुमडून सोडून बघा, ती लगेच जागेवर येते. खालची पाळी तशी येत नाही, कारण तिच्यात कूर्चाच नसते. कूर्चा म्हणजे तंतूंची घट्ट जाळी आणि तिच्यात अडकलेले, पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. वजनाने निम्म्याहून जास्त तर पाणीच. आतला हा ओला गाभा सतत फुगू बघतो आणि दोन्ही पृष्ठभागांवरचे ताणलेले तंतू त्याला आवळून धरतात. दोन्हीकडची ओढ सारखी असते तोवर आकार टिकतो. एका पृष्ठभागावर ओरखडे काढले की तिथले तंतू तुटतात आणि ती बाजू पसरते. दुसरी बाजू मात्र ओढतच राहते. त्यामुळे कूर्चा ओरखड्यांपासून उलट दिशेला वळते आणि घासलेली बाजू फुगीर होते.

सर्जन मंडळींना हा गुण आधी त्रास म्हणूनच माहीत होता. बरगडीची कूर्चा कोरून नाकाचा कणा सरळ बांधावा आणि काही दिवसांनी तो वाकडा व्हावा, असं वारंवार घडायचं. ग्लासगोच्या गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये त्याचं कारण मांडलं: एकाच बाजूने कोरलं तर ताणाचा तोल जातो, दोन्ही बाजूंनी सारखं कोरलं तर उरलेला गाभा सरळ राहतो. आजही बरगडीचा तुकडा कोरल्यावर तो थोडा वेळ सलाइनमध्ये ठेवून वाकतो का ते बघतात, मगच बसवतात. पुढे १९६३ मध्ये स्वीडनच्या स्टेनस्ट्रॉम यांनी हाच दोष बाहेर आलेले कान बसवण्यासाठी कामाला लावला. वाकणं टाळायचं कशाला, हवं तिथे घडवून आणू, असा तो विचार होता. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त आवडते ती हीच जागा.

ज्या मुलांना शाळेत 'सुपासारखे कान' म्हणून चिडवतात, त्यांच्या कानात बहुतेकदा एक घडी पुरेशी पडलेली नसते. बाहेरच्या कडेच्या आत, तिला जवळपास समांतर जाणारा जो उंचवटा असतो, तो इथे सपाट राहिलेला असतो. म्हणून कान डोक्यापासून लांब उभा राहतो. सर्जन लहानशा छेदातून कानाच्या पुढच्या बाजूला, त्वचा आणि कूर्चा यांच्या मध्ये रास्प सरकवतो आणि नव्या घडीच्या रेषेवर ती फिरवतो. रास्पचे दात दिसत नाहीत, सगळं हाताच्या अंदाजावर चालतं. ओरखडे उथळ राहिले तर कान परत बाहेर येतो. खोल गेले तर कूर्चा तुटून गोलाईऐवजी धारदार कंगोरा उमटतो, आणि तो आयुष्यभर दिसतो. म्हणून बरेच सर्जन थोडं घासून बाकीचा वाक मागच्या बाजूने टाके घालून पक्का करतात. नाकाच्या कण्यावरचा उंचवटा काढायलाही रास्प वापरतात, पण वरच्या हाडाच्या भागावर. खालच्या कूर्चेसाठी सहसा सुरीच चालवतात.

नंतरचं ड्रेसिंग ही किरकोळ बाब नाही. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून झिरपून येतं. त्या दोघांमध्ये रक्त साचलं की खालची कूर्चा उपाशी पडते. सांगली-साताऱ्याच्या तालमींत पैलवानांचे मोडलेले कान सगळ्यांनी पाहिलेत. ते याच कारणाने होतात: रगडल्याने आवरण सुटतं, मध्ये रक्त साचतं आणि पुढे तिथे वेडीवाकडी नवी कूर्चा तयार होते. कान सुजल्यावर लगेच डॉक्टरांकडून रक्त काढून दाबपट्टी बांधून घेतली तर हे बरंचसं टळतं. सुजलेला कान मिरवत तालमीत उतरणाऱ्या पोरांना वस्तादांनी हे आवर्जून सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

बाहेर आलेल्या कानांची शस्त्रक्रिया साधारणपणे पाच-सहा वर्षांच्या वयानंतर करतात. तोवर कान मोठ्या माणसाच्या कानाच्या जवळपास पोचलेला असतो आणि कूर्चेलाही पुरेसा घट्टपणा आलेला असतो. पण जन्मानंतरचे पहिले काही आठवडे वेगळे असतात. आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे तेव्हा बाळाची कूर्चा अगदी मऊ असते आणि दिला तो आकार धरते. तेल लावताना आजी रोज कान दाबून बसवते, पण चार क्षणांच्या दाबाने आकार टिकत नाही. त्यासाठी मऊ साचा आणि चिकटपट्टी लावून काही आठवडे कान सतत धरून ठेवावा लागतो. हे डॉक्टरच बसवून देतात, भूल लागत नाही. कानाची ठेवण वेगळी वाटत असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाळाला दाखवावं. पुढे कूर्चा घट्ट होत जाते आणि साच्याचा उपयोग कमी होतो.