खास चीज घेताना: पैसे कुठे जातात आणि चव पुरेपूर कशी मिळवायची

काउंटरवर येणारे बरेच ग्राहक आधी भाव वाचतात, मग आमच्याकडे पाहतात. रोजच्या वापराचं पॅकबंद चीज एका भावाला आणि शेजारी ठेवलेला तेवढ्याच वजनाचा तुकडा त्याच्या कितीतरी पट भावाला, हे का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्या प्रश्नाला घाईगर्दीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. खास चीजचे पैसे मुख्यतः दुधाचे आणि काळाचे असतात. ते वसूल करायचे असतील तर थोडं घ्या, समोर कापून घ्या आणि लवकर संपवा. मोठा तुकडा नेऊन महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलात तर आमची विक्री वाढेल, पण ज्यासाठी एवढे पैसे मोजले ती चव तुमच्या वाट्याला येणार नाही.

दूध आणि काळ

पार्मिजानो रेज्जानोचं उदाहरण घेऊ. इटलीत पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि आसपासच्या ठरावीक भागातच ते बनतं. साधारण 40 किलोच्या एका चाकासाठी, म्हणजे चीजच्या चाकासारख्या गोल ठोकळ्यासाठी, सुमारे 550 लिटर दूध लागतं. म्हणजे किलोमागे जवळजवळ 14 लिटर. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढतात, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळतात आणि तांब्याच्या मोठ्या कढयांमध्ये तापवतात. दुधाखेरीज त्यात फक्त मीठ, दूध घट्ट करणारं रेनेट आणि आदल्या दिवसाच्या निवळीचं विरजण पडतं. गाईंना आंबवलेला चारा घालायलाही मनाई आहे, कारण त्यातून येणारे जिवाणू महिनोन्‌महिने मुरणाऱ्या चीजमध्ये वायू तयार करतात आणि चाक आतून फुटतं.

मग ते चाक काही आठवडे खाऱ्या पाण्यात राहतं आणि पुढे फळीवर जातं. किमान 12 महिने ते तिथेच असतं. ते अधूनमधून उलटायचं, पुसायचं, आणि जागा, वीज, माणसं यांचा खर्च सोसत राहायचा. वर्ष झालं की तपासनीस येतो आणि लहान हातोडीने चाकावर सगळीकडे ठोके देऊन आवाज ऐकतो. आत पोकळी किंवा भेग असेल तर ठोका वेगळा वाजतो. जे चाक पूर्ण नापास होतं त्याच्या सालीवरची नावाची खूण खरवडून काढतात. 24 किंवा 36 महिने मुरलेल्या तुकड्याला जादा भाव लागतो तो या अडकलेल्या पैशाचा, आणि सुकून घटलेल्या वजनाचाही. इटलीत एक बँक ही चाकं तारण ठेवून घेऊन उत्पादकांना कर्ज देते. मुरणाऱ्या मालात किती भांडवल अडकतं ते यावरून लक्षात येईल.

फ्रान्सच्या ज्यूरा डोंगररांगांतल्या कॉम्तेचं गणितही असंच आहे. एका चाकाला सुमारे 400 लिटर दूध आणि किमान चार महिने. शेवटी प्रत्येक खेपेला 20 पैकी गुण देतात आणि 12 च्या खाली आलेला माल कॉम्ते या नावाने विकता येत नाही. त्यातही उन्हाळ्यात हिरव्या कुरणावर चरणाऱ्या गाईंच्या दुधाचं कॉम्ते पिवळं, हिवाळ्यात वाळल्या गवतावरचं फिकट. रंग वेगळा दिसला म्हणून तुकडा परत ठेवू नका. तो ऋतूचा फरक असतो.

मेंढीच्या दुधाचं चीज आणखी महाग का, याचं उत्तर सोपं आहे. चांगली दुभती गाय दिवसाला 25-30 लिटर दूध देते. मेंढी एक-दोन लिटर, आणि तेही वर्षातले काहीच महिने. मेंढीचं दूध घट्ट असल्याने किलोला दूध कमी लागतं हे खरं, पण तेवढ्याने एवढा फरक भरून निघत नाही. स्पेनचं मान्चेगो आणि फ्रान्सचं रोकफोर दोन्ही या वर्गातली.

रोकफोर तर एकाच गावच्या गुहांमध्ये मुरतं. कोम्बालू डोंगराच्या कड्याला नैसर्गिक भेगा आहेत, त्यांतून बाराही महिने गार, दमट हवा खेळत राहते. लाकून जातीच्या मेंढ्यांचं कच्चं दूध, त्यात बुरशी, आणि मग चाकाला सुयांनी भोकं पाडतात. त्या भोकांतून हवा आत गेली की बुरशी निळी-हिरवी होऊन पसरते. कापलेल्या तुकड्यावर नीट पाहिलंत तर त्या सुयांच्या सरळ वाटा दिसतात. बुरशी पुरेशी पसरली की चाक धातूच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात, म्हणजे तिचा वेग मंदावतो. 1925 साली फ्रान्समध्ये या चीजच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. दुसरीकडे केलेलं निळं चीज उत्तम असू शकतं, पण त्याला रोकफोर म्हणता येत नाही.

आता काउंटरवरचा खर्च. मऊ चीज दूर अंतरावरून थंडाव्यातच आणावं लागतं आणि त्याचं आयुष्य मोजक्या आठवड्यांचं असतं. अख्खं चाक एकदा कापलं की उघडा पडलेला भाग सुकत जातो, तो रोज थोडा छिलून टाकावा लागतो. ही घट भावात धरलेली असते. ती आम्ही लपवत नाही.

कुठे पैसे घालू नयेत

पास्त्यावर वितळवायला 36 महिन्यांचं पार्मिजानो नेऊ नका. त्याची बारीक चव गरम सॉसमध्ये हरवते. शिजवण्यासाठी 12 ते 18 महिन्यांचं पुरतं, किंवा ग्राना पादानो घ्या; ते किमान नऊ महिने मुरतं, स्वभावाने जवळचं आणि भावाने हलकं. वितळून तार यायला हवी असेल तर कोवळं चीजच बरं. फार मुरलेलं चीज उष्णतेने तेल सोडतं आणि रवाळ होतं.

आधीच किसून पाकिटात भरलेलं महाग चीज आम्ही शक्यतो ठेवत नाही. किसल्याबरोबर पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि वास उडून जातो. तुकडा घ्या, जेवायला बसताना किसा.

मंडळी जमणार म्हणून आठ प्रकार मांडू नयेत असंही आमचं मत आहे. तीन पुरतात: एक मऊ, एक कडक, एक निळं. जेवणानंतर द्यायचं असेल तर माणशी सगळे प्रकार मिळून 40-50 ग्रॅम धरा. आठ प्रकारांच्या लहान तुकड्यांत कशाचीच चव लक्षात राहत नाही, आणि उरलेलं सुकून जातं.

लेबलवरचा चरबीचा आकडा पाहून कोणी घाबरतं, तेही सांगून टाकू. युरोपातल्या पुष्कळ लेबलांवर लिहिलेले 45% हे पाणी वगळून उरलेल्या घन भागातले असतात. कामाम्बेरसारख्या चीजचा निम्म्याहून अधिक भाग पाणी असतो, त्यामुळे प्रत्यक्ष तुकड्यात चरबी सुमारे 20-22% भरते. उलट कडक चीजमध्ये पाणी कमी, म्हणून तेवढ्याच तुकड्यात चरबी जास्त.

खाताना

सगळ्यात मोठी चूक थंडगार चीज खाण्याची. फ्रिजमधून काढल्या काढल्या त्यातली चरबी घट्ट असते आणि वास बाहेर पडत नाही. खायच्या तासभर आधी बाहेर काढा, कागदातच राहू द्या. हवा फार उष्ण असेल तर अर्धा तास पुरे. एवढ्यानेच तोच तुकडा वेगळा लागतो, आणि याला एक पैसाही जादा पडत नाही.

मुरलेलं पार्मिजानो सुरीने पातळ कापू नका. सुरीचं टोक आत खुपसा आणि पिळा. ते आपल्या नैसर्गिक कणांवर फुटेल. फुटलेल्या बाजूवर बारीक पांढरे ठिपके दिसतील. ते मीठ नव्हे आणि बुरशीही नव्हे. प्रथिनं तुटत जाऊन त्यातल्या टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक तयार झालेले असतात आणि दाताखाली ते कुरकुरतात. तुकडा जिभेवर ठेवा, चावायची घाई करू नका. आधी खारट, मग भाजलेल्या सुक्या मेव्यासारखं, आणि गिळल्यावर बराच वेळ मागे रेंगाळणारं गोडसर काहीतरी. या शेवटच्या भागासाठी दोन वर्षं थांबलेली असतात. आम्हाला स्वतःला या व्यवसायात धरून ठेवणारं हेच आहे.

कामाम्बेर किंवा ब्री घेताना मध्यभागी अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. कडेला मऊ आणि मधोमध कडक लागलं तर पिकायला अजून चार-सहा दिवस आहेत. आतलं सगळं सारखं लोण्यासारखं दबलं तर आज-उद्या खा. हे चीज बाहेरून आत मुरतं, सालीवरची पांढरी बुरशी ते काम करते, म्हणून कापल्यावर मधोमध खडूसारखी पांढरी पट्टी दिसली तर ते खराब नाही, कोवळं आहे. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास मात्र ते उतरल्याची खूण. थोडा वास उघडं ठेवल्यावर जातो, तेवढं चालतं. दहा मिनिटांनीही गेला नाही तर परत आणा.

एपॉस आणि त्या जातीच्या नारिंगी, चिकट सालीच्या चीजचा वास पहिल्यांदा घेणारा माणूस दचकतो. ती साल मिठाच्या पाण्याने आणि मद्याने पुन्हा पुन्हा धुतात आणि तिच्यावर वाढणारे जिवाणू माणसाच्या कातडीवर राहणाऱ्या जिवाणूंच्या कुळातले आहेत. वासावरून चवीचा अंदाज बांधू नका. आत ते मऊ, सायीसारखं आणि बऱ्याचदा सौम्य असतं. मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र हा प्रकार टाळावा.

खाण्याचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे. निळं शेवटी. त्याच्यासोबत मध किंवा पिकलेलं पेअर, कडक चीजसोबत अक्रोड. याहून जास्त काही मांडायची गरज आम्हाला वाटत नाही.

घरी ठेवताना

प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट आवळू नका. चीज घामेजतं आणि प्लास्टिकचा वास धरतं. आम्ही देतो त्याच मेणकागदात परत गुंडाळा, वर सैल डबा किंवा पिशवी, आणि भाजीच्या कप्प्यात ठेवा. निळं चीज वेगळ्या डब्यात, नाहीतर त्याची बुरशी शेजाऱ्यांवर चढते. फ्रीझरमध्ये टाकू नका; आतल्या पाण्याचे खडे होतात आणि वितळल्यावर चीज चुरा होतं. कडक चीजवर बाहेरून बुरशीचा ठिपका आला तर सभोवतालचा आणि खालचा अडीच सेंटिमीटर भाग कापून टाका, उरलेलं खा. मऊ चीजवर नको ती बुरशी आली तर सगळंच टाकून द्या.

पांढऱ्या बुरशीची आणि धुतलेली साल खाता येते. मेणाची, कापडाची साल काढायची. पार्मिजानोची साल टाकू नका. ती शुद्ध चीजच असते, फक्त सुकलेली. खरवडून, धुऊन सूपमध्ये उकळायला घाला.

शाकाहारी ग्राहकांसाठी, आणि काळजीच्या गोष्टी

दूध घट्ट करणारं पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो, कॉम्ते, ग्रुयेर आणि रोकफोर यांत ते असतंच, त्यांचे नियमच तसे आहेत. त्यामुळे ‘शाकाहारी पार्मिजानो रेज्जानो’ असा माल कोणी दाखवला तर तो त्या नावाचा खरा माल नव्हे. ग्राना पादानोमध्ये अंड्यापासून काढलेलं लायसोझाइमही वापरलेलं असू शकतं. कापडात बांधून मुरवलेल्या पारंपरिक चेडरचं कापड बऱ्याचदा डुकराच्या चरबीने माखलेलं असतं. रेनेट वनस्पतीचं असलं तरी हे विचारून घ्या.

पर्याय पुष्कळ आहेत. बुरशीपासून किंवा किण्वनाने तयार केलेलं रेनेट वापरून उत्तम गौडा, चेडर आणि निळी चीज बनतात. पोर्तुगालचं सेरा दा एस्त्रेला तर एका काटेरी झुडपाच्या फुलांनी दूध घट्ट करून बनवतात. कापल्यावर आत चमच्याने काढावं इतकं मऊ, किंचित कडसर. शाकाहारी ग्राहकाने पहिलं महाग चीज घ्यायचं तर आम्ही हेच पुढे करू. कोणत्या चीजमध्ये कोणतं रेनेट आहे याची यादी काउंटरवर ठेवलेली आहे. लेबलवर लिहिलेलं नसेल तर गृहीत धरू नका, आम्हाला विचारा.

गरोदर स्त्रिया, फार वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी कच्च्या दुधाची, पांढऱ्या बुरशीची मऊ आणि मऊ निळी चीज टाळावीत. त्यांत लिस्टेरिया हा घातक जिवाणू वाढू शकतो. दूध पचत नसेल तर मात्र बरी बातमी आहे: बराच काळ मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जवळजवळ उरलेलं नसतं. दुधाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट, तिथे हे लागू नाही.

विकत घेताना

100 ग्रॅम मागायला संकोच करू नका. पहिल्यांदा घेत असाल तर एका प्रकारचे 80 ग्रॅमही कापून देतो. कापण्याआधी चव मागा. चवीला दिलेला काप आवडला नाही तर तसं सांगा, दुसरा देऊ. कधी खाणार आहात तो दिवस सांगितलात तर मऊ चीज त्या दिवशी पिकेल असं निवडून देता येतं. मों दॉरसारखी काही चीज हंगामीच असतात, ती शरद ऋतूपासून वसंतापर्यंतच मिळतात आणि स्प्रूसच्या सालीच्या पट्ट्यात बांधलेली येतात. ती हवी असतील तर आठवडाभर आधी नाव नोंदवा. कापलेला तुकडा चार-पाच दिवसांत संपेल एवढाच न्या, संपला की पुन्हा या.