थरथरत्या हाताचा स्कॅन: स्वल्पविराम की टिंब?

नागपुरात धंतोली-रामदासपेठच्या दवाखान्यांत गडचिरोली-छिंदवाड्यापासून पेशंट येतात. हात थरथरत असतो, पिशवीत एमआरआयची फिल्म असते. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग कंपवात (पार्किन्सन) कसा?" हा प्रश्न ठरलेला. कंपवातात साधा एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. तो काढतात जुना पक्षाघात, गाठ किंवा मेंदूत साठलेलं पाणी नजरेतून सुटू नये म्हणून. रुग्ण तरुण असेल तर विल्सनच्या आजारासाठीही. तांबं साठून होणारा हा आजार औषधांनी आटोक्यात येतो, तो निसटणं परवडत नाही.

डोपामिन हे हालचाली सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन. ते बनवणाऱ्या पेशींची टोकं शाबूत आहेत का, हे ट्रोडॅट स्कॅन दाखवतो. टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेलं औषध, साधारण 20 मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप), शिरेतून देतात आणि सुमारे 4 तासांनी गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवतात. मधला वेळ लागतो तो इतरत्र पसरलेलं औषध ओसरायला. टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मं होतं, तयार औषध वाट पाहत ठेवता येत नाही, त्यामुळे लांबून येणाऱ्याने आदल्या रात्रीच मुक्कामाला यावं.

निरोगी मेंदूत दोन स्वल्पविराम समोरासमोर दिसतात. कंपवातात आधी शेपटी विझते आणि टिंब उरतं. थरथर उजव्या हाताला सुरू झाली असेल तर बहुधा डावीकडची शेपटी आधी जाते. इथेच एक फसगत होते. डोकं जरा तिरकं राहिलं की एक बाजू उगाच फिकी दिसते. म्हणून डोकं पट्ट्याने नीट बांधलंय ना, हे पाहावंच लागतं. नैराश्यावरचं ब्युप्रोपिऑन, एकाग्रतेसाठी देतात ते मिथाइलफेनिडेट यांनीही चित्र बिघडतं, ती डॉक्टरांना विचारूनच थांबवावीत. कंपवातावरचं लेव्होडोपा सहसा थांबवावं लागत नाही.

टिंब दिसलं म्हणजे कंपवातच, असंही नाही. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या पीएसपी, एमएसए या आजारांतही तेच दिसतं. उलट इसेन्शियल ट्रेमरमध्ये, म्हणजे कंपवात नसलेल्या नुसत्या थरथरीच्या आजारात, स्वल्पविराम शाबूत असतात, आणि गोळ्यांमुळे आलेल्या थरथरीतही.

म्हणूनच स्कॅनआधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करावी, असं आमचं ठाम मत आहे. अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमधलं लेव्होसल्पिराइड, चक्करेवरचं सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड ही थरथर आणू शकणारी नावं शोधावीत. दोषी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केली तरी थरथर ओसरायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. आठव्या दिवशी फरक दिसला नाही म्हणून कंपवाताचं औषध सुरू करण्याची घाई करू नये.