राज्यघटनेची मूलभूत चौकट

आपल्या देशात सगळ्यात वर कोण असं विचारलं की बरेच जण संसद म्हणतात, कोणी पंतप्रधान म्हणतं, पण खरं उत्तर राज्यघटना, कारण २६ जानेवारी १९५० पासून या सगळ्यांचे अधिकार तिच्यातूनच आलेत. मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द, हे कलम १३ मध्येच लिहिलंय. खरा पेच कलम ३६८ चा, तिथे संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार दिलाय, मग दुरुस्त्या करत करत मूळ घटनाच पुसून टाकली तर?

याचं उत्तर केशवानंद भारती केसमध्ये मिळालं. केरळात कासरगोडजवळ एडनीर मठ आहे, तिथल्या स्वामी केशवानंद भारतींनी मठाच्या जमिनी जमीन सुधारणा कायद्यात जाऊ नयेत म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका टाकली आणि वाद जमिनीवरून थेट संसदेच्या अधिकारावर गेला. १३ न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी, स्वामींकडून मुंबईचे वकील नानी पालखीवाला आणि केरळकडून मुंबईचेच एच. एम. सीरवाई. २४ एप्रिल १९७३ ला निकाल आला तो ७ विरुद्ध ६, म्हणजे एका मताचा फरक! संसद कुठलंही कलम बदलू शकते पण घटनेची मूलभूत चौकट, म्हणजे जिच्याशिवाय ती घटनाच राहणार नाही असा तिचा गाभा, मोडू शकत नाही, हे त्यात ठरलं. बहुमताचं सार एका छोट्या कागदावर लिहिलं होतं, त्यावर १३ पैकी ९ जणांनीच सह्या केल्या, आणि सरन्यायाधीश सिक्री तर दुसऱ्याच दिवशी रिटायर झाले.

‘मूलभूत चौकट’ हे शब्द घटनेत कुठेच नाहीत, न्यायाधीशांनी ते स्वतःच्या मनाने आणले अशी टीका होते आणि ती अगदीच चुकीची नाही, चौकटीत काय काय येतं याची पक्की यादीही कोर्टाने केलेली नाही. तरी माझ्या मते ही चौकट नसती तर आणीबाणीत घटना वाचली नसती. पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोर्टात आव्हानच देता येऊ नये अशी तरतूद ३९ व्या दुरुस्तीत होती, ती १९७५ मध्येच याच मुद्द्यावर उडाली. पुढे ४२ व्या दुरुस्तीने संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादाच नाही असं लिहून टाकलं, तेही १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स केसमध्ये रद्द झालं. आणि २०१५ मध्ये न्यायाधीश नेमणुकीची ९९ वी दुरुस्ती घटनाबाह्य ठरली, लोकसभेत तिच्या विरोधात एकही मत पडलं नव्हतं तरीसुद्धा.