पार्श्वभूमी: कमी दाबाचा पट्टा आणि पुण्याचं शिमला ऑफिस

पावसाळा जवळ आला की बातम्यांत रोज "कमी दाबाचा पट्टा" ऐकू येतो, पण हा दाब मोजून पाऊस सांगायचं काम आपल्याकडे सुरू झालं ते वादळ आणि दुष्काळात माणसं मेली म्हणून, हे फारसं कुणी सांगत नाही.

१८६४ला कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आलं, १८६६ला ओडिशात दुष्काळ पडला, आणि मग १८७५ला हवामान खातं निघालं, प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. लगेच १८७७ला मान्सून फसला. दख्खनमध्ये तर आदल्या वर्षापासूनच लोक उपाशी होते. तेव्हा ब्लॅनफर्डच्या लक्षात आलं की देशभर हवेचा दाब नेहमीपेक्षा जास्त आहे, आणि चौकशी केली तर ऑस्ट्रेलियातही तेच! म्हणजे आपला पाऊस आपल्या आकाशापुरता नाही, ही शंका तिथून आली.

मूळ यंत्रणा अशी. उन्हाळ्यात राजस्थान-पाकिस्तानकडची जमीन तापते, हवा वर जाते, दाब पडतो. तिकडे मादागास्करच्या पूर्वेला मॅस्करीन बेटांजवळ दाब जास्त असतो, तिथली हवा इकडे निघते, विषुववृत्त ओलांडलं की पृथ्वी फिरत असल्यामुळे उजवीकडे वळते आणि समुद्राचं बाष्प घेऊन सह्याद्रीवर आदळते.

१८९९ला खात्याने पाऊस चांगला होईल असं सांगितलं आणि झाला उलटा, भीषण दुष्काळ. त्यानंतर १९०४ला गिल्बर्ट वॉकर आले, केंब्रिजचे गणिती, हवामानाचा अनुभव शून्य. त्यांनी जगभरच्या दाबाचे, पावसाचे आकडे मागवले आणि इथल्या कारकुनांकडून हातानं सहसंबंध (एक आकडा बदलला की दुसरा कितपत बदलतो ते) काढून घेतले, कॉम्प्युटर नसताना, वर्षानुवर्षं. (माझ्या मते खरे मानकरी ते कारकूनच.) त्यातून १९२०च्या दशकात दिसलं की पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरचा दाब सीसॉसारखा वरखाली होतो, पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाकडे घटला की ऑस्ट्रेलियातल्या डार्विनकडे वाढतो, आणि अशा वर्षी आपला पाऊस बहुतेकदा कमी पडतो. एल निनोशी, म्हणजे पॅसिफिकचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याशी, याचं नातं मात्र १९६९ला याकोब ब्यर्कनेस यांनी जोडलं.

वादळाचं गणितही दाबाचंच. आपल्याकडे बॅरोग्राफच्या, म्हणजे हवेचा दाब आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राच्या, कागदावर शाईची रेघ रोज दोनदा चढते, दोनदा उतरते, साधारण सकाळी आणि रात्री दहाला वर, चारच्या सुमाराला खाली, फरक तीनेक मिलिबारचा (मिलिबार हे दाबाचं एकक). ही लय मोडून रेघ उतरतच राहिली तर जुने खलाशी बंदर गाठायचे. समुद्रसपाटीला सरासरी १०१३ मिलिबार असतात, १९९९च्या ओडिशा महाचक्रीवादळाच्या केंद्रात ९१२ होते, आणि १९७९ला पॅसिफिकमधल्या टिप वादळात ८७०, समुद्रावरचा तो आजही विक्रमच आहे. केंद्रात दाब जितका पडतो तितका भोवतीचा वारा जोरात आत घुसतो. समुद्र २६-२७ अंशांच्या वर तापलेला लागतो, आणि विषुववृत्ताच्या अगदी जवळ वादळ सहसा बनत नाही कारण हवेला गोल फिरवणारा जोर तिथे जवळपास नसतो.

१९२८ला खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, शिवाजीनगरच्या त्या टॉवरवाल्या इमारतीला लोक अजून शिमला ऑफिसच म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण मान्सूनचा दीर्घकालीन अंदाज आजही पुण्यातच तयार होतो आणि एल निनोवर तिथे बारीक लक्ष असतं. तरी १९९७ला एवढा मोठा एल निनो असून पाऊस सरासरीइतका झाला, आणि २००२ला त्याहून कितीतरी कमजोर एल निनो असताना जुलै कोरडा गेला.