मोकळी पिन म्हणजे शून्य नव्हे

हातातल्या यंत्रातून एक तार बाहेर आलेली असते. अंधाऱ्या कोपऱ्यात जाताच यंत्रावरचा दिवा लुकलुकू लागतो आणि निवेदक आवाज खाली आणून म्हणतो, “इथे कुणीतरी आहे.” भुतं शोधण्याचे असे व्हिडिओ पाहताना माझं लक्ष त्या तारेकडेच जातं. तिचं एक टोक मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे एका चिपमधल्या छोट्या संगणकाच्या, पिनला (चिपच्या धातूच्या पायाला) जोडलेलं असतं, दुसरं कशालाच नाही. नवशिके अडखळतात तेही इथेच. पिनला काही जोडलंच नाही, तर ती शून्य वाचणार ना? नाही.

एव्हीआर हे मायक्रोकंट्रोलरचं कुटुंब सुरुवातीला मला सगळ्यात सोपं वाटतं. त्याची मूळ रचना नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या आल्फ-एगिल बोगेन आणि व्हेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांची. अ‍ॅटमेल या चिप बनवणाऱ्या कंपनीने ती १९९०च्या दशकात बाजारात आणली आणि २०१६ साली मायक्रोचिप या दुसऱ्या कंपनीने अ‍ॅटमेलच विकत घेतली. आर्डुइनो उनो आर३ या शिकाऊंच्या आवडत्या बोर्डावरचा एटीमेगा३२८पी याच कुटुंबातला: ८ बिटांचा, ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम. पहिला प्रोग्रॅम सगळेच एलईडी लुकलुकवण्याचा लिहितात. दुसरा बटणाचा लिहा, कारण खरं शिक्षण तिथे होतं.

प्रत्येक पिनसाठी तीन रजिस्टरांत, म्हणजे चिपमधल्या छोट्या स्मृतिकप्प्यांत, एकेक बिट राखलेला असतो. डीडीआर नावाच्या रजिस्टरातला बिट दिशा ठरवतो: १ म्हणजे बाहेर, ० म्हणजे आत. बाहेर काय पाठवायचं ते पोर्ट रजिस्टरात लिहायचं आणि आत काय आलं ते पिन नावाच्या रजिस्टरातून वाचायचं. चिप सुरू होते तेव्हा सगळ्या पिनांची दिशा ‘आत’ असते, म्हणजे सगळ्या मोकळ्या.

आता आत काय घडतं ते पाहू. इनपुट पिनमागे मॉसफेट ट्रान्झिस्टरचं (एका सूक्ष्म विद्युत स्विचचं) गेट, म्हणजे त्याला चालू-बंद करणारं टोक, असतं आणि त्याखाली ऑक्साइडचा अतिपातळ निरोधक थर. गेटमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. ते एखाद्या चिमुकल्या धारित्रासारखं (कपॅसिटरसारखं) असतं, ज्यावर साचलेला प्रभारच पिनचा विद्युतदाब ठरवतो. पुरवठा ५ व्होल्टचा असेल तर १.५ व्होल्टच्या खाली शून्य आणि ३ व्होल्टच्या वर एक वाचला जाण्याची हमी असते, मधल्या पट्ट्यात कसलीच नाही. धारिता १० पिकोफॅरड धरली, तर ३ व्होल्टला ३० पिकोकुलोम प्रभार पुरतो, म्हणजे सुमारे १९ कोटी इलेक्ट्रॉनांचा फरक. आकडा मोठा वाटतो, पण १ मिलिअँपिअरच्या प्रवाहात इतके इलेक्ट्रॉन ३० नॅनोसेकंदांत निघून जातात. एवढा प्रभार इकडून तिकडे करायला जवळ आलेलं बोट पुरतं. भिंतीतल्या विजेच्या तारांभोवतीचं क्षेत्रही पुरतं, आणि ते सेकंदाला ५० किंवा ६० वेळा हेलकावत असतं. मोकळी तार म्हणजे या हेलकाव्यांची अँटेना. त्या कोपऱ्यातलं ‘कुणीतरी’ म्हणजे भिंतीतलं वायरिंग. भीती विकणाऱ्यांना हे कळत नसेल असं मला वाटत नाही, म्हणून राग जास्त येतो.

उपाय चिपमध्येच आहे. दिशा ‘आत’ ठेवून पोर्टच्या बिटात १ लिहिलं की आतला २० ते ५० किलोओहमचा रोध पिनला ५ व्होल्टशी जोडतो. याला पुल-अप म्हणतात. पिनमधून गळणारा प्रवाह फार तर १ मायक्रोअँपिअर, तेव्हा ५० किलोओहमवर ०.०५ व्होल्टच पडतात आणि पिन ४.९५वर ठाम राहते. बटण पिन आणि ग्राउंड (शून्य व्होल्टची बाजू) यांच्या मध्ये लावायचं. दाबलं की शून्य, सोडलं की एक. हे उलटं वाटतं, पण त्याचीच सवय करून घ्यावी. बटणाचे धातूचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणून बदल दिसल्यावर जरा थांबून पुन्हा वाचावं.

प्रयोग करून पाहा. पिनला हातभर तार लावा आणि पिन वाचेल तसा एलईडी पेटवा. तार घेऊन घरभर फिरा, स्विचबोर्डाजवळ जरा रेंगाळा. मग पुल-अप चालू करा आणि त्याच वाटेने परत या. आता एलईडी सगळीकडे एकसारखा पेटलेला राहील, त्या अंधाऱ्या कोपऱ्यातही.