समर रिसर्च म्हणजे इंटर्नशिप नव्हे

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलं सुट्टीत 'एआयमध्ये काहीतरी करायचंय' म्हणून अर्ज भरायला बसतात, तेव्हा कंपनीतली इंटर्नशिप आणि प्राध्यापकांच्या हाताखालचं समर रिसर्च यांत फारसा फरक करत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही. कॅनडाच्या मिटॅक्स ग्लोबलिंकच्या नावात 'रिसर्च इंटर्नशिप' आहे, जर्मनीच्या डाड-वाइजमध्येही इंटर्नशिप आहे, आणि दोन्हीकडे प्रत्यक्षात मुलं विद्यापीठात जाऊन संशोधनच करतात. म्हणून नावावर जाऊ नये. उन्हाळा संपताना तुमच्याकडून काय अपेक्षित आहे, ते आधी विचारावं.

कंपनीत काम बहुतेक ठरलेलं असतं. अमुक डॅशबोर्ड तयार करा, तमुक मॉडेलचा वेग वाढवा. ते चाललं तर उन्हाळा सार्थकी लागला. समर रिसर्चमध्ये तुमच्यापुढे एक प्रश्न असतो, आणि तोही बऱ्याचदा अर्धाकच्चा. एरवी हा फरक पुसट वाटेल, पण विषय 'जबाबदार एआय', म्हणजे एआय कोणावर अन्याय तर करत नाही ना हे पाहणं, असला की तो ठळक होतो. कारण इथे 'मॉडेल किती चांगलं?' एवढं विचारून भागत नाही. कोणासाठी चांगलं, हे विचारावं लागतं.

जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधकांचा 2018 सालचा 'जेंडर शेड्स' हा अभ्यास घ्या. तो पदवीच्या मुलांचा नव्हता, पण असं संशोधन हाताने कसं होतं ते त्यात स्वच्छ दिसतं. फोटोतली व्यक्ती स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली त्यांनी तपासल्या: मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आणि फेस प्लस प्लस. त्यांच्या स्वतःच्या फोटोसंचावर एकूण अचूकता 87.9 ते 93.7 टक्के भरली. उत्पादन विकणाऱ्याला हा आकडा पुरला असता. चाचणीसाठी एरवी वापरात असलेल्या फोटोसंचांमध्ये तर गोऱ्या चेहऱ्यांचाच भरणा होता, एकात 79.6 टक्के तर दुसऱ्यात 86.2 टक्के. म्हणूनच त्यांनी आधी स्वतःचा संच उभा केला होता. रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलंड आणि स्वीडन या देशांच्या संसदसदस्यांचे फोटो घेतले, एकूण 1270 जण. प्रत्येकाच्या त्वचेचा वर्ण त्वचारोगतज्ज्ञ वापरतात त्या सहा पायऱ्यांच्या फिट्झपॅट्रिक मापावर नोंदवला. त्यानंतर उत्तरं गटागटाने वेगळी केली. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण 34.7 टक्क्यांपर्यंत गेलं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ते 0.8 टक्क्यांच्या वर गेलं नाही.

या कामात नवं मॉडेल बनवलेलंच नाही. आहे ते कसं मोजायचं, हाच सगळा खटाटोप. समर रिसर्चला जाणाऱ्या मुलांना सुरुवातीला हे पचत नाही; पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडून ट्रेनिंग सुरू करायचं असतं त्यांना.

इथेच मार्गदर्शक प्राध्यापक आणि कंपनीतला मॅनेजर वेगळे पडतात. मॅनेजर काम कुठवर आलं ते विचारतो. चांगले सर किंवा मॅडम प्रश्नच उलटतपासतात. समजा, तुम्ही म्हणालात, 'मी मॉडेल निष्पक्ष आहे का ते तपासणार.' ते विचारतील, निष्पक्ष म्हणजे कोणत्या अर्थाने? आणि 2016 सालचा कॉम्पासचा वाद वाचायला देतील. आरोपी पुन्हा गुन्हा करेल का, याचा अंदाज बांधणारी ही अमेरिकी प्रणाली. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने दाखवलं की फ्लोरिडातल्या एका काउंटीत ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही, अशांपैकी 44.9 टक्के कृष्णवर्णीयांना जास्त धोक्याचं ठरवलं होतं. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण 23.5 टक्के होतं. कॉम्पास बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं, की जास्त धोक्याचा शेरा मिळालेल्यांपैकी पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच आहे. दोघांचे आकडे आपापल्या जागी बरोबर होते. दोन गटांतलं पुन्हा अटक होण्याचं मूळ प्रमाणच वेगळं असेल आणि अंदाज अचूक नसतील, तर दोन्ही प्रकारची समानता एकाच वेळी साधता येत नाही, हे नंतर गणितानेच सिद्ध झालं. एवढं समजून आपली व्याख्या पक्की करण्यात पहिले दोन आठवडे गेले, तर ते वाया गेले असं मी मुळीच मानत नाही.

मराठीत तर असे प्रश्न हात लावायची वाट पाहत पडलेत. पुण्याच्या एलथ्रीक्यूबच्या उपक्रमातून 2022 मध्ये महाहेट हा द्वेषपूर्ण मजकुराचा संच आला, 25 हजारांहून अधिक मराठी ट्वीटचा, आणि त्याच्या कामात पुण्यातले इंजिनीअरिंगचे विद्यार्थी होते. आता विचारा: अशा संचावर शिकलेलं मॉडेल मालवणी किंवा वऱ्हाडीतलं रांगडं पण प्रेमाचं वाक्य शिवीगाळ ठरवतं का? त्या बोली घरात बोलणाऱ्यांकडून काही शे वाक्यं लिहून घ्यायची, वाक्य शिवीगाळीचं आहे की नाही याचे शेरे दोघांनी एकमेकांचं न बघता द्यायचे, ते किती जुळतात ते पाहायचं आणि मग तीच गोष्ट प्रमाण मराठीत सांगून मॉडेलची उत्तरं ताडायची. दोन महिन्यांत बसेल एवढंच हे काम आहे. फरक आढळला नाही, तरी तो निष्कर्षच असतो. कंपनीत 'काही निघालं नाही' हे सांगणं मुलांना जड जातं.

पैशाचं आणि पात्रतेचं थोडक्यात. अमेरिकेत एनएसएफ या विज्ञान संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेचा, पदवीच्या मुलांना संशोधन करू देणारा आरईयू कार्यक्रम साधारण आठ ते दहा आठवड्यांचा, विद्यावेतनासह असतो. पण त्या निधीसाठी विद्यार्थी अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो. म्हणजे न्यू जर्सीत जन्मलेल्या मराठी मुलीला ती वाट मोकळी आहे, एफ-1 व्हिसावर तिथे शिकणाऱ्या तिच्या मावसभावाला नाही. भारतात बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, आयआयटी कानपूरचा सर्ज हा उन्हाळी संशोधनाचा कार्यक्रम आहे. आयआयटी मद्रासमध्ये जबाबदार एआयसाठी स्वतंत्र केंद्रच आहे. प्रमाणपत्रासाठी उलट तुमच्याकडूनच फी मागणाऱ्या 'ऑनलाइन इंटर्नशिप' मात्र ना खरी इंटर्नशिप असतात, ना संशोधन. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

इंटर्नशिप कमी दर्जाची, असं मला अजिबात म्हणायचं नाही. लगेच नोकरी हवी असेल, मोठा कोडबेस हाताळायला शिकायचं असेल, तर तीच घ्या. पीएचडीचा किंवा परदेशी एमएसचा विचार असेल, तर तुमचं डोकं कसं चालतं हे जवळून पाहिलेल्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र जास्त वजनदार ठरतं.

कुठेही होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. केलेलं काम बाहेर दाखवता येईल का? कंपनीच्या गोपनीयतेच्या करारात ते बहुधा अडतं. आणि संशोधनात माणसांकडून माहिती गोळा करायची असेल, तर नैतिकता समितीची मंजुरी आधीच घेतली आहे का? वर सांगितलेल्या बोलींच्या कामालाही ती लागू शकते, आणि ती यायला कित्येकदा काही आठवडे जातात. मंजुरीचा अर्ज मेमध्ये टाकला, तर जूनअखेर एकही वाक्य गोळा झालेलं नसेल.